प्रत्येक पिशवीतून एक

१

शुक्रवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा मामा अर्धी दाढी करून आरशासमोर उभे होते.

"मामा, तू लगेच खोलीवर ये. चोरी झालीय."

"मग पोलिसांना सांग. मी काय करू?"

"पोलिसांना वसाहतीचे सेक्रेटरीच बोलावतील. त्याच्या आधी तू ये."

मामांनी उरलेली अर्धी दाढी केली आणि निघाले. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी केली होती. कुठे गोदाम जळलं, भिजलं किंवा लुटलं गेलं की मामा जायचे आणि सांगितलेल्यातलं खरं किती ते बघायचे. आता निवृत्त झाले होते. मामीला जाऊन वर्ष व्हायचं होतं. मामी होती तेव्हा दर शनिवारी ते तिला या खोलीच्या दारात सोडायचे आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. आत कधी गेले नव्हते.

खोली म्हणजे जुन्या वसाहतीच्या तळमजल्यावरचा सायकली ठेवायचा मोठा गाळा. भाची आणि तिच्याबरोबरची मुलं दुकानादुकानांतून कोरडा शिधा गोळा करायची, पिशव्या भरायची आणि शनिवारी सकाळी वाटायची. ज्यांच्या घरी महिनाअखेरीला चूल पेटायची मारामार, ते रांगेत येऊन पिशवी घेऊन जायचे. मुलांचा एक नियम होता. नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही. पिशवी द्यायची, बस्स. भाची सगळ्यांना कामाला लावायची म्हणून मुलं तिला कॅप्टन म्हणायची. मग घरचेही म्हणायला लागले.

मामा पोचले तेव्हा दारात वसाहतीचे सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे होते.

"या. तुमच्या भाचीचा कारभार बघा," ते म्हणाले. "काल संध्याकाळी पिशव्या भरून कुलूप लावलं. आज सकाळी उघडलं तर पावडर गायब."

"कसली पावडर?"

"दुधाची," कॅप्टन म्हणाली. "सत्तरेक पिशव्या होत्या. तांदूळ आहे, साखर आहे, तेल आहे, साबण आहे. प्रत्येक पिशवीतून फक्त दूध पावडरचं पाकीट गेलंय. बाकी कणभर हललेलं नाही."

"कुलूप तोडलंय?"

"नाही. किल्लीने उघडलंय आणि परत लावलंय."

"म्हणजे घरचाच चोर," सेक्रेटरी म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. नाव द्या, त्याला काढा, खोली तुमची राहील. नाव नसेल तर मी किल्ल्या घेतो. वसाहतीतले लोक आधीच कुरकुरतायत, चोरांना जागा दिली म्हणतील." मग त्यांनी खोलीतल्या एका उंच मुलाकडे मान वळवली. "आणि मला विचाराल तर फार लांब शोधायची गरज नाही."

 त्या मुलाने हातातला दोर जमिनीवर टाकला आणि बाहेर निघून गेला.

२

"तो लंबू," कॅप्टन म्हणाली. "शाळेत असताना एकदा दुकानातून बिस्किटं उचलली होती, ते अख्ख्या गावाच्या लक्षात आहे. आता तोच त्या दुकानातून आमच्यासाठी तांदूळ मागून आणतो. मामा, खोली गेली तर सगळं संपेल. एवढं सामान ठेवायला दुसरी जागाच नाही."

"बरं. तू गप्प बस आणि मला बघू दे."

पिशव्या भिंतीला लागून ओळीने उभ्या होत्या. मामांनी एकीची गाठ पाहिली आणि हात तसाच राहिला. सुरगाठ होती, पण टोक परत आत खोचलेलं. पिशवी कितीही हलवली तरी सुटायची नाही, आणि थकलेल्या हाताने एक टोक ओढलं तरी सुटायची. घरी मामी सगळं असंच बांधायची, जुने कपडे, रद्दी, औषधांच्या पिशव्या.

"मामीनेच शिकवली," कॅप्टन हळूच म्हणाली. "आम्हाला तिघांना. बाकीची पोरं नुसती भरतात. बांधायचं आम्हीच."

"तिघं कोण?"

"मी, लंबू आणि सिस्टर. ती नर्सिंगला जाते म्हणून सिस्टर. आमची स्वच्छतामंत्री. हात धुतले नाहीत तर तांदळाला हात लावू देत नाही."

"सकाळी तू आलीस तेव्हा पिशव्या बांधलेल्या होत्या?"

"सगळ्या. म्हणूनच आधी कळलं नाही. एक उचलली तर हलकी लागली."

मामांनी दहा-बारा पिशव्या पाहिल्या. सगळ्या गाठी त्याच. चोराने पिशवी सोडून पाकीट काढून घेतलं होतं, आणि मग निवांत बसून पुन्हा बांधली होती. असा चोर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"पावडर पाकिटातच आली होती?"

"नाही. मोठं पोतं आलं, पण ते फाटलेलं होतं. मग एका प्लास्टिकच्या पिंपात ओतलं आणि आम्हीच पाकिटं भरली. बाकी सगळं दुकानातून बांधूनच येतं."

"पिंप कुठाय?"

कॅप्टनने कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि बोट तसंच राहिलं. कोपरा रिकामा होता.

मामा वाकून बघत फिरले. पावडर भरायचं माप नव्हतं. फाटलेलं पोतं नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात नवी कोरी पिशवी लावलेली होती.

"हा डबा कोणी रिकामा केला?"

"कोणी नाही. काल झाडून काढलेली सांडलेली पावडर त्यातच टाकली होती."

"म्हणजे चोराने कचऱ्यातलीही पावडर नेली."

"शी! ती कोण खाणार?"

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले.

दाराबाहेर कुलूप कडीला लटकत होतं. किल्ली जाते त्या भोकात पांढरं काहीतरी अडकलं होतं. मागून सेक्रेटरी डोकावले. "बघा! पावडर सांडत गेला लेकाचा."

"पाणी आणा," मामा म्हणाले.

त्यांनी काडीने ती पांढरी भुकटी उकरली आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात झटकली. थोडा वेळ तिघेही पेल्याकडे बघत राहिले. पाणी पांढरं झालं नाही. भुकटी गुठळीगुठळीने तळाशी बसली.

"दूध पावडर अशी बसत नाही," मामा म्हणाले. "हा मैदा आहे. या खोलीत मैदा आहे?"

"नाही," कॅप्टन म्हणाली. आणि मग तिघांनीही एकदमच शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. शेजारी बेकरी होती.

३

बेकरीवाला पावाचे ट्रे लावत होता. मैद्याने तो भुवयांपर्यंत पांढरा झाला होता.

"या साहेब. बाई गेल्यानंतर पहिल्यांदा आलात," तो म्हणाला. "शनिवारी हमखास यायच्या. पाव शिळा आहे म्हणून भांडायच्या आणि तोच घेऊन जायच्या."

मामांनी मान हलवली. "खोलीची किल्ली तुझ्याकडे असते म्हणे."

"आहे ना. ती काय." गल्ल्याच्या मागे खिळ्याला किल्ली होती, मैद्याच्या थराखाली माखलेली. "किल्ल्या तीन. एक कॅप्टनकडे, एक लंबूकडे, एक इथं. सेक्रेटरी स्वतःकडे ठेवत नाहीत. म्हणतात, माझ्यावर आळ नको." तो हसला आणि मग थांबला. "साहेब, माझ्यावर आलाय का आळ?"

"तू पावात दूध पावडर घालतोस."

"घालतो. पोत्याने विकत घेतो. तुमच्या पोरांची चिमूटचिमूट पाकिटं फोडत बसू? माझ्या पावाला कोण बघणार मग?"

"आज सकाळी इथून किल्ली कोणी घेतली?"

"मी तर पहाटेपासून आत भट्टीपाशी. पुढे दुकान उघडंच असतं, लोक पाव घेतात, पैसे ठेवतात, जातात. आज कोण कोण होतं... पेपरवाला. सिस्टर, रोजच्यासारखी, पाव घेऊन दवाखान्यात जाते. सेक्रेटरी कुत्र्याला घेऊन. दूधवाला. किल्लीकडे कोण बघतंय?"

मामांनी बरोबर आणलेली रिकामी पिशवी आणि दोर त्याच्या पुढ्यात ठेवला. "ही जरा बांधून दे."

बेकरीवाल्याने पिशवीचं तोंड आवळलं, दोराचे दोन फेरे मारले आणि दातात टोक धरून करकचून निरगाठ मारली. "घ्या. बैल बांधा आता तिने."

"ही सोडायची कशी?"

"सोडायची कशाला? कापायची!"

मामांनी पिशवी उचलली. गाठ सोडवता सोडवता त्यांची नखं दुखली. बेकरीवाला चोर असता तर सत्तर पिशव्यांवर अशाच सत्तर निरगाठी दिसल्या असत्या. पण कुलपात किल्ली तर त्याचीच फिरली होती.

बाहेर लंबू हातगाडीला टेकून उभा होता. "मामा," तो म्हणाला, "माझी गाडी कोणीतरी वापरलीय."

४

"मी दांडा भिंतीकडे करून लावतो," लंबू म्हणाला. "आज दांडा रस्त्याकडे होता. हे मी कॅप्टनला सांगणार होतो, पण ते सेक्रेटरी असे बघत होते की मीच गाडी उलटी लावली असं ठरलं असतं."

"तुझी किल्ली?"

लंबूने गळ्यातला दोरा ओढून किल्ली दाखवली. मामांनी ती बोटावर घासली. स्वच्छ होती.

"झोपतानाही गळ्यातच असते. आई म्हणते, लग्न झाल्यावर बायको हीच आधी काढेल." तो हसला नाही. "मामा, मी नेली नाही. पण मी गेल्याने खोली राहत असेल तर माझं नाव द्या. कॅप्टनला सांगू नका मी असं म्हणालो."

"गप रे. प्रत्येकालाच नाव द्यायची हौस. ते पिंप कुठून आणलं होतं?"

"बियाण्यांच्या दुकानाच्या मागून. त्यांची रिकामी पिंपं पडून असतात. आम्ही काहीच वाया घालवत नाही ना, खोकी, दोऱ्या, डबे, सगळं मागून आणतो. सिस्टरचे बाबा तिथं गोदाम सांभाळतात. तिने दाखवलं, मी आणलं, तिने गरम पाण्याने घासून घासून धुतलं. इतकं की मीच म्हटलं, बाई, आता यात बाळाला आंघोळ घाल."

मामा तडक खोलीत परत गेले. कोपऱ्यात पिंप जिथे होतं तिथे गुडघ्यावर बसले. चष्मा पुसून घातला. फरशीवर एक गोल डाग होता, बांगडीसारखा, फिकट गुलाबी. ओलं पिंप ठेवलं तेव्हा बुडाच्या खाचेतून झिरपलेलं पाणी तिथे सुकलं होतं.

गुलाबी. 

असा रंग त्यांनी भिजलेल्या गोदामांत पाहिला होता. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळतात. ते बी चुकूनही कोणी खाऊ नये म्हणून त्यात रंग घालतात. त्या पिंपात पुन्हा खाण्याची वस्तू ठेवायची नसते. आतून कितीही धुतलं तरी प्लास्टिकचा भरवसा नाही.

आता सगळं उलटं दिसायला लागलं. कचऱ्यातली पावडर, माप, फाटकं पोतं, पिंप. ज्याला पावडर हवी होती तो हे नेणार नाही. हे नेणाऱ्याला पावडर नको होती. ती कोणाच्याच पोटात जायला नको होती.

"कॅप्टन!" मामा उठले. "एखादी पिशवी आधीच दिलीय का कोणाला?"

कॅप्टन क्षणभर गोंधळली. "एकच. त्या पलीकडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आजी आहेत, त्यांना खाली उतरता येत नाही. त्यांची पिशवी आम्ही आदल्या दिवशीच पोचवतो. काल संध्याकाळी दिली." मग तिला मामांचा चेहरा दिसला. "का? मामा, का?"

"चल. वाटेत सांगतो. पळता येतं ना तुला? मला येत नाही, तू पुढे हो."

५

तिसऱ्या मजल्यावर मामा धापा टाकत पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि आतून आजींचा आवाज खणखणीत येत होता.

"अगं मी ठणठणीत आहे! सकाळपासून सगळे माझ्या पोटाची चौकशी का करतायत?"

कॅप्टन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओट्यावर दूध पावडरचं पाकीट होतं. मुलांचं साधं, पारदर्शक नव्हे. दुकानातलं, छापील, नवंकोरं.

"आजी, हे कुठून आलं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"हिचा मामा."

"बसा मग. पडाल." आजींनी स्टूल पुढे केलं. "तुमच्यातलंच एक पोर आलं होतं सकाळी सकाळी. म्हणे, आजी, कालची पावडर बदलून द्यायचीय, जुनी निघाली. मी म्हटलं, चालतंय की मला जुनंही, मी कुठं नवी आहे? तर ऐकेना. मी काल डब्यात ओतून ठेवली होती, ती काढून घेतली. डबा उकळत्या पाण्याने तीनदा धुतला. चमचा धुतला. ओटा पुसला. मग विचारतं, आजी, काल यातलं काही प्यायलात का? म्हटलं, नाही बाळा, रात्री मी दूध घेत नाही, मला पचत नाही. तर तिथेच खाली बसलं आणि रडलं."

"कोण होतं आजी?" कॅप्टनने विचारलं.

आजींनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही पिशवी देता तेव्हा माझं नाव विचारता?"

"नाही."

"मग मीही सांगत नाही. त्या पोराने मला हात जोडून सांगितलंय, कोणाला बोलू नका. माझ्याशी चांगलं वागलेल्याचं नाव मी उघडं पाडू?"

 मामा हसले, किती महिन्यांनी कोण जाणे. "बरोबर आहे तुमचं. नाव नका सांगू." ते उठले. "मला कळलंय."

जिन्यात कॅप्टनने त्यांना अडवलं. "कोण, मामा? लंबू?"

"खोलीवर जाऊन बोलू. तिघांनाही बोलाव. सेक्रेटरींना अजून नको."

६

दुपारी खोलीचं दार आतून लावून चौघं बसले. मामा खोक्यावर, मुलं जमिनीवर. सिस्टर दवाखान्यातून थेट आली होती, केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले. तिने आल्याआल्या हात धुतले होते.

"मी सरळ सांगतो," मामा म्हणाले. "मला फिरवून बोलता येत नाही. गाठी परत तशाच बांधल्या होत्या. ती गाठ तुम्हा तिघांनाच येते, म्हणजे बाहेरचा कोणी नाही. बेकरीवाला तर नाहीच, त्याची गाठ अजून माझ्या नखात आहे. आता कुलूप. त्यात मैदा होता. मैदा बेकरीतल्या किल्लीवर असतो. ज्याच्या गळ्यात किंवा पर्समध्ये स्वतःची किल्ली आहे, तो पहाटे बेकरीत शिरून दुसऱ्याची किल्ली का उचलेल? म्हणजे कॅप्टन नाही आणि लंबू नाही."

लंबूने वर बघितलं. मग त्याला कळलं की आता एकच नाव उरलं, आणि त्याने मान खाली घातली.

"मी," सिस्टर म्हणाली. "मीच नेली. काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं, पिंप कोणतं नेलंस? मी म्हटलं, निळ्या झाकणाचं. बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, त्यात औषध लावलेलं बी होतं, ते धुऊन वापरायचं नसतं, तुला सांगायचं राहिलं."

"मग मला का नाही सांगितलंस?" कॅप्टन म्हणाली. तिचा आवाज चढला. "रात्री फोन करता येत नव्हता?"

"सांगून काय झालं असतं? सेक्रेटरींनी खोली देताना काय म्हटलं होतं? खाण्यात काही वाईट निघालं तर त्याच दिवशी कुलूप. तू ऐकलंस, मी ऐकलं. म्हटलं, गुपचूप काढून घेते. चोरी झाली तर रागावतील, पण खोली राहील. आणि बाबा... पिंप बाहेर दिलं म्हणून त्यांची नोकरी जाईल. मी सगळ्यांना सांगते, हात धुवा, नखं कापा. आणि मीच विषाचं पिंप आणलं." तिने नाक पुसलं. "लंबूवर येईल हे मला सुचलंच नाही. देवाशपथ नाही."

"पावडर कुठाय?" मामांनी विचारलं.

"त्याच पिंपात भरून, लंबूच्या गाडीवरून बाबांच्या गोदामात. विषारी कचऱ्याच्या खोलीत कुलूपबंद आहे. बाबांना माहीत आहे."

"आणि गाडी उलटी लावलीस," लंबू म्हणाला. "निदान दांडा तरी बघायचास." त्याच्या आवाजात राग नव्हता.

सिस्टर उठून उभी राहिली. "कॅप्टन, माझं नाव दे. सांग, सिस्टरने पावडर चोरली. एवढंच सांग. पिंपाचं काही बोलू नकोस. मला काढलं की खोली तुमची. त्यांनी सकाळी स्वतःच सांगितलंय."

 बाहेर सेक्रेटरींच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. म्हणजे ते वाटेवरच होते.

कॅप्टनने मामांकडे पाहिलं. "मामा, तू काय म्हणतोस?"

"नुकसान कसं झालं ते मी सांगायचो," मामा म्हणाले. "पुढे काय करायचं ते ज्याचं गोदाम तो ठरवायचा. तुझी खोली आहे."

दारावर थाप पडली.

७

सेक्रेटरी आत आले, कुत्र्याला दाराच्या कडीला बांधून. "मिळालं नाव?"

"चोरी झालीच नाही," कॅप्टन म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. पिंप, बियाणं, औषध, आजी. सिस्टरचं नाव सांगितलं, कारण सिस्टरने स्वतःच मध्ये बोलून सांगितलं. सेक्रेटरी ऐकताना बसायला जागा शोधत होते. शेवटी मामांनी त्यांना खोकं दिलं.

"कोणाला काही झालं?"

"नाही. एकच पाकीट बाहेर गेलं होतं, ते परत आलंय. आजींनी तोंडाला लावलं नव्हतं."

"आणि हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"आमच्या घरच्यांपलीकडे कोणाला नाही."

"मग मला का सांगितलंत?" सेक्रेटरी खरोखरच वैतागले. "चोराचं नाव दिलं असतं, मी वसाहतीच्या सभेत तेवढंच सांगितलं असतं, संपला विषय! आता मला हे सांगावं लागेल. आणि मी आधीच म्हटलं होतं..."

"माहीत आहे काय म्हटलं होतं ते," कॅप्टन म्हणाली. "पण उद्या रांगेत लोक विचारणार, दूध पावडर कुठं गेली? चोरी झाली म्हणून सांगितलं की रांगेतला प्रत्येक जण पुढच्या-मागच्याकडे बघणार. वसाहतीतले तर म्हणणारच, हेच लोक चोर. मग त्यातले निम्मे पुढच्या वेळी येणार नाहीत. पोट रिकामं ठेवतील पण येणार नाहीत. त्यांनी काय केलंय?"

सेक्रेटरींनी फरशीवरच्या गुलाबी डागाकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ल्या द्या. सभा होईपर्यंत खोली बंद. माझा शब्द होता, आणि माझ्यावरही माणसं आहेत." उठताना ते थांबले. "पिशव्या रात्रीच्या आत काढून घ्या. त्यांना मी अडवत नाही."

कॅप्टनने किल्ली दिली. लंबूने गळ्यातला दोरा काढताना थोडा वेळ लावला.

पिशव्या रात्रभर बेकरीत राहिल्या. उंदरांनी काही कुरतडलं तर मला धरू नका, असं बेकरीवाला शंभरदा बजावत होता, आणि पिशव्या ठेवायला स्वतःचे मैद्याचे ट्रे बाजूला करत होता.

शनिवारी सकाळी बंद दारासमोर फुटपाथवर पिशव्यांची ओळ लागली आणि तिच्यासमोर माणसांची. मामांनी गाडी लांब लावली आणि या वेळी उतरले. कॅप्टन खोक्यावर चढली, पण तिच्याआधी सिस्टर बोलली.

"आज पिशवीत दूध पावडर नाही. मी ती चुकीच्या पिंपात ठेवली होती. त्या पिंपात आधी विषारी औषध लावलेलं बी होतं. सगळी पावडर काढून घेतलीय. पिशवीतलं बाकी सगळं दुकानातून बांधून आलेलं आहे, त्याला त्या पिंपाचा स्पर्शही झालेला नाही. ज्यांना तरीही नको असेल त्यांनी नेऊ नका. चूक माझी आहे."

 रांगेत मागे एक म्हातारा दुसऱ्याला, काय म्हणाली, काय म्हणाली, असं विचारत होता आणि दुसरा त्याला गप्प करत होता. मामांना वाटलं, आता एकेक जण निघून जाईल. एक जण गेलाही. पिशवीकडे न बघता, रस्ता ओलांडून.

रांगेच्या तोंडाशी कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. तिने पिशवी घेतली, उघडून आत बघितलं, तांदळाचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, आणि पिशवी खांद्याला अडकवली. मग सिस्टरकडे बघून म्हणाली, "मी एकदा मीठ समजून साखर घातली होती पोराच्या डाळीत. विष नव्हतं, पण मार खाल्ला होता." आणि कॅप्टनकडे वळली. "दाराला कुलूप दिसतंय. पुढच्या शनिवारी कुठं यायचं?"

कॅप्टनने मामांकडे बघितलं नाही, लंबूकडे बघितलं नाही.  तिने पायाखालच्या फुटपाथकडे पाहिलं.

"इथेच," ती म्हणाली. "याच वेळी."

बाई निघून गेली. लंबूने पुढच्या माणसाच्या हातात पिशवी दिली.